देवयानीसाठी दुर्बीण

दिवाळी अंकात दिव्यांवर लिहावे, असा शिरस्ता आहे. मी अंधारावर लिहिणार आहे. त्यात सणाचा उपमर्द होतो असे कोणी समजू नये. लक्ष्मीपूजनाची रात्र मुळात अमावास्येचीच. आमच्या मारेगावापासून कोसभर दूर, कापसाच्या धुऱ्यावर जाऊन उभे राहिले, की वणीच्या अंगाला उजेडाची फिकट झाक तेवढी दिसते; बाकीचे आकाश अजून आमचे आहे. शहरातल्या माणसाला हे पैसे मोजूनही मिळत नाही.

यंदा नवरात्रापूर्वीच आमच्या सातवीतल्या नातीने दुर्बिणीची मागणी नोंदवली. तिला दीर्घिका पाहायच्या होत्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची दूरची बेटे. ‘पाचशे पट मोठे दिसेल’ अशी एक जाहिरातही तिने शोधून ठेवली होती. ‘आजोबा, किती पट?’ हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, आणि दुर्बिणी विकणाऱ्यांना तो फार आवडतो.

पण दीर्घिका लहान आहेत म्हणून दिसत नाहीत असे नाही. त्या मंद आहेत म्हणून दिसत नाहीत. देवयानी दीर्घिका सहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी पसरलेली आहे. तिला आणखी मोठी करून काय मिळवायचे? पातळ ताकात पाणी घातले की तांब्या भरतो, चव जाते. पट वाढवले की तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो आणि पुसट होतो. येथे हवा असतो तो प्रकाश गोळा करणारा रुंद डोळा, म्हणजे भिंगाचा किंवा आरशाचा व्यास.

दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या दुर्बिणीवर ७×५० किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा पटींचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले, की दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी कळते. ७×५० मध्ये ती सात मिलिमीटर, १०×५० मध्ये पाच. आता गंमत पाहा. अंधारात नातीची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाची पाचाच्या आसपास अडते. म्हणजे ७×५० मधला बराच प्रकाश माझ्या बाहुलीच्या काठावर सांडणार! एका डोळ्याचे मोतीबिंदूचे शस्त्रक्रियेचे काम झाले आहे, दुसऱ्याची पाळी आली आहे. तेव्हा दुर्बीण कोणाच्या डोळ्यांच्या मापाने घ्यायची, हा प्रश्न आमच्या घरात थट्टेचा राहिला नाही. नातीपुढे पन्नास वर्षांच्या अमावास्या आहेत. माझ्यापुढे किती, ते मोजण्यात अर्थ नाही. शेवटी १०×५० ठरली. ती मला पुरी पडते, आणि नातीचेही त्यात काही बिघडत नाही.

मोठी दुर्बीण का नको? दीडशे मिलिमीटरचा आरसा पन्नासच्या एका भिंगापेक्षा नऊपट प्रकाश गोळा करतो. दीर्घिकांचा खरा नाद लागला तर वाट तीच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत १९४४ पासून १९६७ पर्यंत संन्यासी म्हणून राहिलेल्या जॉन डॉब्सन यांनी जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे केले आणि साध्या लाकडी बैठकीवर दुर्बिणी उभ्या केल्या. आजही त्या धर्तीची दुर्बीण आरशाच्या मानाने स्वस्त पडते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून हौशी लोकांना आकाशाकडे वळवीत आली आहे. पण ते धूड मोटारसायकलवर धुऱ्यापर्यंत न्यायचे कोणी? जी दुर्बीण गळ्यात अडकते, तीच रात्री घराबाहेर पडते.

वाट सोपी आहे. दिवाळीच्या सुमारास रात्री दहाला भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्यावर असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीच्या रांगेने निघायचे, पुढच्या ठळक ताऱ्याशी थांबून शर्मिष्ठेकडे वळायचे. दोन मंद तारे मोजले, की दुसऱ्याच्या अंगालाच तो ढगाचा ठिपका. ययातिही जवळच आहे. विहिरीतून देवयानीला काढणाऱ्याला आकाशातही तिच्याशेजारी बसवणाऱ्या मराठी जाणकाराचे मला कौतुक वाटते. त्याआधी अर्धा तास मोबाइल खिशात ठेवावा, आणि ठिपक्याकडे नेमके न पाहता किंचित बाजूला पाहावे. मंद उजेड डोळ्याच्या कडेला अधिक उमटतो. छायाचित्रातले रंग आणि वळसे मात्र दिसत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

हा ठिपका आपल्याच आकाशगंगेतला की बाहेरचा, हा वाद १९२३ साली एडविन हबलने त्यात एक स्पंद पावणारा तारा शोधल्यावर मिटू लागला. आज अंतर सुमारे पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे धरतात.

अश्विनातल्या एका रात्री आम्ही धुऱ्यावर गेलो, तेव्हा शेजारच्या वावरातले पाटील जागलीवर होते. नातीने आधी त्यांना दाखवले.

‘हे त सरकीवरच्या कापसावानी दिसते,’ ते म्हणाले. मग किंमत विचारली. सांगितली.

‘गुरुजी, इतक्या पैशात त खताच्या चार थैल्या येतीन!’

असे म्हणूनही दुर्बीण त्यांनी डोळ्यांवरून काढली नाही. नात दोनदा खाकरली. मी माझ्या पाळीची वाट पाहत बांधावर बसलो.