गारांची बेगमी

'बेगमी' हा शब्द मला फार आवडतो. त्यात माणसाची हुशारी आहे आणि थोडा भाबडेपणाही आहे. उद्याचे तोंड कोणी पाहिलेले नसते. तरी आपण डब्यात डाळ भरतो, बरणीत लोणचे मुरत घालतो आणि उद्याशी जुनी ओळख असल्यासारखे निश्चिंत होतो. पावसाळ्याची बेगमी होते, थंडीचीही होते. पण बर्फाची बेगमी म्हटली, तर पिंपरी-चिंचवडचा माणूस हसेल.

थंड मुलुखात तिला कोणी हसत नाही. 1998 च्या जानेवारीत कॅनडाच्या पूर्व भागात पाऊस पाणी होऊन पडला आणि तारांना, फांद्यांना शिवताच गोठला. त्या भाराने विजेचे मनोरे कोसळले आणि लाखो घरे अंधारात बुडाली. कित्येकांना दिवसच्या दिवस वीज मिळाली नाही. अशा बर्फासाठी सरपण, मेणबत्त्या, पांघरुणे आणि आठवड्याचे अन्न जमवून दार लावून बसता येते. आमचा बर्फ त्या जातीचा नव्हे. तो बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशी किंवा ऐन उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना येतो, दहा-पंधरा मिनिटांत कार्यभाग उरकतो आणि वितळून नाहीसा होतो. त्याला आपण गारा म्हणतो.

त्याने मुहूर्तही असा निवडला आहे की, त्या वेळी आपली सारी बेगमी उघड्यावर पडलेली असते! गच्चीवर कुरडया, सांडगे, मिरच्या आणि वर्षाचा गहू ऊन खात असतात. आता निदान इशारा तरी मिळतो. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले, तरी 'सिमला ऑफिस' हे नाव पुणेकरांच्या तोंडी राहिले आहे. त्या खात्याचा पुढल्या तीन तासांचा अंदाज हल्ली खिशातल्या फोनवर येतो. तो आला की आमच्या इमारतीत धावपळ उडते. वाळवण खाली येते. सोलरच्या काचेच्या नळ्यांवर बारदान पडते. मोटारीवर जुन्या गोधड्या चढतात. वीज जाणार म्हणून बादल्या भरल्या जातात. म्हाताऱ्यांना लिफ्टने जाऊ नका म्हणून बजावले जाते. पोरे मात्र गारा वेचायला वाट्या घेऊन दारात तयार! पाव तासात घर झाकून होते.

गार चिरून पाहावी. ढगात शून्याखाली गेले तरी न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. वर उसळणारा वारा बर्फाचा कण त्यांच्यातून फिरवतो आणि कणावर पापुद्रे चढत जातात. पाणी झटकन गोठले तर आत हवा अडकून पापुद्रा दुधी होतो; सावकाश गोठले तर काचेसारखा नितळ. मोठी गार मधोमध कापली, तर ती थेट कांद्यासारखी दिसते.

आणि कांद्यावर तर तिचा खरा राग! चाकणचा कांद्याचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. कारखान्यांच्या कुंपणापलीकडे अजून शेते आहेत. तिथे उन्हाळी कांदा उपटून, चाळीत भरण्यापूर्वी, पातीखाली सुकत घातलेला असतो. माझी आत्या त्या भागातली. आभाळ भरले की तिचा फोन येतो : "तुमच्याकडं पडला का रं?" मी म्हणतो, "सगळं झाकून झालं, आत्या." ती म्हणते, "बरं केलंस." पुढे दोघेही बोलत नाही. घर झाकता येते. शिवार झाकायला गोधडी कुठून आणावी? 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट झाली. गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंबे, कांदा, सारे उघड्यावर मारले गेले.

विदर्भाकडच्या गावांत पूर्वी 'गारपगारी' नावाचा मनुष्य असे. गारांपासून गावाचे शिवार राखणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल गाव त्याला धान्य देई. त्याच्या मंत्राने एकही गार परतली नसेल. पण त्या धान्यात एक कबुली होती : गार कोणाच्याही शेतावर पडो, तिचे ओझे साऱ्या गावाचे आहे. आज आपल्याजवळ इशारा आहे, तो खराही ठरतो. परंतु तो ज्याच्या त्याच्या खिशात वाजतो आणि जो तो आपली मोटार झाकतो.

म्हणून आमच्या घरी हल्ली या बेगमीत एक बाब वाढली आहे. उन्हाळाभर गच्चीचा एक कोपरा मोकळा, दोन धुतलेली लुगडी आणि धार लावलेली विळी. मार लागलेला कांदा चाळीत सडतो. पण लगेच चिरून उन्हात वाळवला तर वर्षभर टिकतो. गारा पडून गेल्या की आता फोन मीच करतो. चांगला कांदा आत्याने चाळीत भरावा, आम्ही तो सवडीने नेऊ. मार लागलेला मात्र आजच पाठवावा, आणि भाव चांगल्याचाच घ्यावा. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या चार विळ्या आमच्या गच्चीवर येतात. डोळ्यांना धारा लागतात, पण कोणी उठत नाही.