हँग ग्लायडिंग आणि वाऱ्याचा अंदाज : पवन मावळातील एक शनिवार-रविवार

हँग ग्लायडर हा ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेला, साधारण ३० किलो वजनाचा, बिनइंजिनाचा पंख असून त्याखाली टांगलेल्या झोळीत पालथा झोपलेला वैमानिक समोरच्या त्रिकोणी दांड्याला धरून आपले वजन इकडेतिकडे सरकवतो आणि त्याद्वारे त्याला वळवतो. समोरून येणारा वारा डोंगराच्या उतारावर आदळून वर वळला, की त्या चढत्या हवेत धारेलगत बराच वेळ तरंगता येते. उलट तोच वारा पाठीमागून आला, तर धार ओलांडून खाली कोसळणाऱ्या आणि भोवरे घेणाऱ्या हवेत, ज्याला वैमानिक ‘रोटर’ म्हणतात, सापडण्याचा धोका असतो. म्हणून सहलीचा बेत आखताना आधी दिशा पाहायची आणि मग वेग, हा क्रम पाळावा लागतो. वर्तमानपत्रातील हवामानाच्या चौकटीचा या कामी फारसा उपयोग होत नाही.

कामशेत आणि पवना धरण यांच्या परिसरातील टेकड्यांवर आज पॅराग्लायडरच अधिक दिसतात, हँग ग्लायडर क्वचित. पावसाळा सोडून ऑक्टोबर ते मे हा तेथील उड्डाणाचा हंगाम होय. मार्चच्या सुमारास या भागात एकाच दिवसात दोन वारे अनुभवास येतात : सकाळी पूर्वेच्या अंगाने येणारा मंद वारा, आणि दुपारी कोकणातून घाट चढून येणारा, शालेय भूगोलात ‘खारे वारे’ या नावाने शिकवला जाणारा समुद्राकडचा वारा. प्रस्तुत लेखकाने दोन सहकाऱ्यांसह मार्चमधील एका शनिवार-रविवारसाठी पश्चिमेकडे तोंड असलेली टेकडी निवडली, तेव्हा सारे गणित या पालटाच्या वेळेवर येऊन ठेपले होते.

अंदाज बुधवारपासून पाहण्यास सुरुवात झाली. हे अंदाज संगणकीय प्रारूपांतून, म्हणजे वातावरणाचे जाळीसारखे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील हवेची पुढची स्थिती गणिताने काढणाऱ्या पद्धतीतून, तयार होतात. युरोपीय केंद्राच्या प्रमुख प्रारूपात हा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा असतो आणि अमेरिकेच्या जीएफएसमध्ये सुमारे १३ किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात पवन मावळातील धार, दरी आणि खिंड हे सारे एका सरासरी उंचीत विरघळून जाते, त्यामुळे नकाशावर दिसणारा जमिनीलगतचा वारा हा प्रत्यक्षात नसलेल्या एका गुळगुळीत उतारावरचा वारा असतो. यावर अनुभवी वैमानिकांचा तोडगा असा, की जमिनीपासून १० मीटरवरचा आकडा बाजूला ठेवून ९२५ हेक्टोपास्कल या दाबाच्या पातळीवरचा, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ७५० ते ८०० मीटर उंचीवरचा वारा पाहावा, कारण मावळातील टेकड्यांचे माथे त्याच सुमारास येतात. काही नकाशांवरील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, तेव्हा ०९ हा आकडा आपल्याकडील दुपारचे अडीच दर्शवतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. सकाळचा वारा समजून दुपारचा वाचणारे कमी नाहीत.

शुक्रवारी रात्री दोन्ही प्रारूपे पश्चिमेच्या वाऱ्याबद्दल एकमत होती आणि १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर, हा वेगही दोन्हींत जवळपास सारखा होता. मतभेद होता तो वेळेचा, कारण एका प्रारूपात वारा एकच्या सुमारास फिरत होता आणि दुसऱ्यात तीननंतर. लेखकाच्या मते अंदाजाचा सर्वांत मोलाचा भाग हाच असतो, कारण दोन प्रारूपे जेथे फारकत घेतात तेथेच स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची गरज आहे, हे त्यातून कळते. त्यानुसार सकाळी लवकर निघण्याचा आग्रह सोडून देण्यात आला आणि साडेअकरापर्यंत माथ्यावर पोहोचून नुसते बसायचे ठरले.

शनिवारी पालटाची पहिली खूण दरीपलीकडच्या डोंगरावर लागलेल्या वणव्याने दिली. साडेबारापर्यंत त्याचा धूर पश्चिमेकडे कलत होता, मग काही काळ तो सरळ उभा राहिला, आणि दीडच्या आसपास त्याचा खालचा भाग पूर्वेकडे झुकला तरी वरचा अजून पश्चिमेकडेच जात होता, म्हणजे समुद्राकडची जड, गार हवा खालून घुसत होती आणि जुना वारा तिच्यावर उरला होता. अशा वेळी उड्डाण केल्यास दोन थरांच्या सीमेवर पंख अचानक हेलकावतो; म्हणून वरचा धूरही वळेपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊण तास, कोणी पट्टे आवळले नाहीत. त्यानंतरची उड्डाणे सुरळीत झाली आणि सूर्य कलल्यावर पवनेच्या काठच्या कोरड्या भातखाचरांत उतरताना सर्वांत जास्त लक्ष वाऱ्यापेक्षा बांधांकडे द्यावे लागले.

रविवारचा आकडा शनिवारच्याच आकड्यासारखा होता, परंतु सरासरी वेगाशेजारी दिलेला झोतांचा, म्हणजे काही क्षणांपुरत्या उसळणाऱ्या वाऱ्याचा वेग २२ नॉटवर गेला होता. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटरवरून ३० वर गेलेला वारा पंखावर सव्वादोन पट दाब टाकतो, आणि धावत सुटून पंख उचलण्याच्या दोन-तीन सेकंदांत असा झोत आला तर वजन सरकवून तो सावरणे कठीण होते. माथ्यावर हातातील वातमापक १४ आणि २३ नॉट यांच्यामध्ये झुलत राहिला, गवत एकदा आडवे पडे आणि पुन्हा उभे राही. सायंकाळी जमीन निवल्यावर वारा शांत होतो या भरवशावर साडेपाचपर्यंत वाट पाहण्यात आली, पण झोत ओसरले नाहीत, आणि पंख घडी करून जीपच्या टपावर बांधण्यात आले. कामशेतच्या वाटेवर मोबाईलला रेंज आली तेव्हा प्रारूपाची नवी आवृत्ती उपलब्ध झालेली होती, आणि तिच्यात त्याच दुपारच्या झोतांचा आकडा आणखी दोन नॉटांनी वाढवलेला होता.