बुबुलिनाबाईंचं गाव

ग्रीस म्हटलं की डोळ्यांपुढे अथेन्सचे संगमरवरी खांब येतात. पण मैत्रिणींनो, अथेन्सच्या पिरेयस बंदरातून बोटीनं दोन-तीन तासांवर स्पेत्सेस नावाचं बेट आहे. त्या बेटावरचं बंदराचं गाव आपण बायकांनी तर आवर्जून पाहावं. ते गाजवलं एका विधवेनं!

लास्करिना बुबुलिना तिचं नाव. जन्म १७७१ चा, तोही कॉन्स्टँटिनोपलच्या तुरुंगात. वडील तिथे कैदेत होते आणि आई त्यांना भेटायला गेली होती. पुढे दोन लग्नं झाली. दोन्ही नवरे दर्यावर्दी, आणि दोघेही चाच्यांशी लढताना गेले. १८११ साली दुसऱ्यांदा वैधव्य आलं, तेव्हा पदरात मुलं होती आणि हाताशी बक्कळ पैसा. दुसरी एखादी तो सांभाळत घरात बसली असती. हिनं जहाजं बांधली! त्यांतलं ‘आगामेम्नॉन’ तर अठरा तोफांचं. १८२१ साली तुर्की सत्तेविरुद्ध उठाव झाला, तशी तेच जहाज घेऊन ही बाई नाफ्प्लियोच्या वेढ्यात उतरली. त्याच वर्षी तिचा एक मुलगा लढाईत पडला. त्रिपोलित्सा शहर पडलं, तेव्हा तुर्की जनान्यातल्या बायकांना तिनं कत्तलीतून वाचवलं, असं सांगतात.

पैसा सगळा लढाईत गेला. आणि शेवट कसा झाला ठाऊक आहे? दुसऱ्या एका मुलानं गावातल्याच बड्या घरची मुलगी पळवून आणली. मुलीकडची माणसं दाराशी आली, शब्दानं शब्द वाढला, गोळी सुटली. साल १८२५. तोफांच्या माऱ्यातून वाचलेली बाई सोयरिकीच्या भांडणात गेली! वाचून जीव अगदी चुटपुटतो.

तिचं घर १९९१ पासून संग्रहालय म्हणून उघडं आहे. कोरीव लाकडी छत मान वर करून निवांत बघा. आत गटागटानं सोडतात, तेव्हा वेळ आधी विचारून ठेवा.

धक्क्यावरच्या दापिया चौकात जुन्या तोफा अजून आहेत. अंगणाअंगणांतून काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी बसवलेली, जणू न पुसणारी रांगोळीच. गावात खाजगी मोटारींना मज्जाव, म्हणून घोडागाडीची मजा घ्यावी; स्कूटरींची फटफट मात्र सोसावी लागते. सप्टेंबरात गेलात तर ‘अर्माता’चा उत्सव मिळेल. १८२२ च्या आरमारी लढाईची आठवण म्हणून तुर्की जहाजाची प्रतिकृती भर बंदरात पेटवतात. आणि येताना ‘अमिग्दालोता’ घ्यायला विसरू नका. बदामाची मिठाई, वर पिठीसाखर. दोन-चार दिवस सहज टिकते.