नऊ क्रमांकाचा संकेत

कोरीटच्या एका घरी सातव्या दिवसाची मिस्सा आटोपून आम्ही ओसरीवर बसलो होतो. त्या घरचे कर्ते गृहस्थ शेतातच कोसळले होते. निरोप मिळताच पवित्र तेलाची कुपी घेऊन आम्ही निघालो. पोहोचलो तेव्हा सारे संपले होते. अभ्यंगसंस्कार राहून गेला. त्या घरात मान वर करून बोलणे आम्हांला जड जात होते.

त्यांचा धाकटा मुलगा नाशिकला संगणकशास्त्र शिकतो. "एक प्रयोग राहिलाय, फादर," म्हणत त्याने लॅपटॉप उघडला. बोलायला काही विषय मिळाला म्हणून आम्हीही शेजारी सरकलो.

संगणकात चालू असलेल्या कार्यक्रमाला 'प्रोसेस' म्हणतात. एका प्रोसेसने दुसरीवर पाळत ठेवावी, अशी सोय 'युनिक्स'च्या 1975 सालच्या सहाव्या आवृत्तीपासून आहे. तिचे नाव 'पीट्रेस'. पुढे 'लिनक्स'नेही ती घेतली. पाळतीखालच्या प्रोसेसला आलेला संकेत आधी राखणदाराला कळतो. तो पुढे द्यावा की गिळून टाकावा, हे राखणदाराने ठरवायचे. संकेत धाडणाऱ्या आज्ञेला 'किल' म्हणतात. नाव ऐकून आम्ही दचकलो, पण मुळात तिचे काम निरोप्याचे.

मुलाने 15 क्रमांकाचा संकेत पाठवला. 'आवरते घ्या' असे सांगणारा हा संकेत. राखणदाराने तो गिळला आणि प्रोसेस, जणू काही घडलेच नाही, अशी चालत राहिली.

"आता 9," तो म्हणाला. पडद्यावर एकच ओळ उमटली: प्रोसेस 9ने संपली. राखणदाराला कुणी विचारलेच नव्हते. मग त्याने नवी प्रोसेस थांबवून धरली. आधी 15 पाठवला, पाठोपाठ 9. तो 15 राखणदारापर्यंत आलाच नाही. पुन्हा 9नेच शेवट.

"राखणदाराचा कार्यक्रम लिहिण्यात चूक झाली असेल," आम्ही म्हणालो. का कोण जाणे, ते आम्हांला जिव्हारी लागले होते.

"नाही फादर. 9 अडवता येत नाही, त्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. राखणदाराला मागाहून कळतं." हे तो पडद्याकडे पाहतच म्हणाला.

आणखी एक गोष्ट त्याने दाखवली. संपलेल्या प्रोसेसचे नाव लगेच पुसले जात नाही. शेवट कसा झाला, याची विचारपूस तिच्या जनक प्रोसेसने करेपर्यंत ते यादीत राहते. अशा प्रोसेसला 'झॉम्बी' म्हणतात. हा शब्द आम्हांला मुळीच रुचला नाही, व तसे आम्ही सांगितलेही. त्यावर तो हसला. आतून त्याची आई दारापर्यंत येऊन पाहून गेली.

संतांच्या आळवणीत अकस्मात मृत्यूपासून रक्षणाची विनवणी आहे. सेमिनरीत ती आम्ही किती वेळा घाईघाईने म्हटली असेल!

रात्री परतल्यावर मृत्युनोंदवही काढली. सात दिवस एक रकाना कोराच होता: संस्कार मिळाले काय? त्यात 'नाही, अकस्मात निधन' असे लिहिले आणि खाली सही केली.