तीन दरवाजांचा संसार

‘ही अजून मिळते?’ असं सिग्नलला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी काच खाली करून विचारतंच. नाही मिळत. माझी गाडी 2003 सालची झेन कार्बन आहे. काळी, बुटकी आणि चक्क दोन दारांची. (मागचं झाकण धरून तीन, म्हणून थ्री-डोअर.) मारुतीने त्या वर्षी काळी कार्बन आणि चंदेरी स्टील अशा दोन लिमिटेड एडिशन काढल्या, त्याही मोजक्याच. असंच दोन दारांचं मॉडेल युरोपात सुझुकी ऑल्टो म्हणून विकलं जायचं. आपल्याकडे मात्र ‘मागे बसलेल्यांनी उतरायचं कसं?’ या राष्ट्रीय प्रश्नापुढे दोन दारांच्या गाड्यांचं कधी फारसं चाललं नाही. जाणकार म्हणतील, ही हॅचबॅक, कूपे नव्हे. माझा मामा तिला कूपे म्हणायचा, म्हणून मीही म्हणते.

मामा 2021 मध्ये कोविडने गेला. पुढच्या वर्षी मामीने किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, ‘‘तू चालव बाई. उभी राहिली की गंजते.’’ मी तेव्हा नुकतीच नोकरी सोडून फ्रीलान्सिंगला लागले होते. म्हणजे पगाराची तारीख नावाची चीज आयुष्यातून गेली आणि त्याच महिन्यात एकोणीस वर्षांची गाडी आयुष्यात आली. आता बोला!

सगळ्यांचा पहिला सल्ला एकच होता: वीक. एका वापरलेल्या गाड्यांच्या डीलरने तिच्याभोवती एक फेरी मारून पस्तीस हजार सांगितले, तेही ‘तुम्ही घरच्यासारख्या म्हणून’. मग मी एक वही केली. पेट्रोल आणि इन्शुरन्स सोडून गाडीवर गेलेला प्रत्येक रुपया त्यात लिहायचा. ऑक्टोबर 2022 ते ऑक्टोबर 2025 या तीन वर्षांची बेरीज आली 1 लाख 12 हजार. गाडीच्या किमतीच्या तिप्पट! हा आकडा ऐकून आमच्या ग्रुपमधला फायनान्सवाला मित्र खुर्चीतून पडायचाच बाकी होता.

पण छत्तीस महिन्यांनी भागलं तर महिन्याला तीन हजार शंभर होतात. छोट्या नव्या गाडीसाठी पाच लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर ईएमआय येतो 10,400 च्या आसपास. बिलं कितीही लागली तरी त्या तीन वर्षांतल्या हप्त्यांच्या ती एक तृतीयांशही होत नाहीत. मित्र गप्प. (फायनान्सवाले गप्प बसले की फार बरं वाटतं.)

अर्थात या हिशेबात एक गोम आहे. ईएमआय पाच तारखेला येतो, झेनचं बिल कधीही येतं. आणि ते तीन हजारांचं नसतं. चार महिने काहीच नाही, मग एकदम चौदा हजार.

ते चौदा हजारांचं प्रकरण सांगायलाच हवं. मे 2024. मामीला घेऊन साताऱ्याला निघाले होते. खंबाटकीच्या चढाला पुढे ट्रकची रांग, गाडी फर्स्ट-सेकंडमध्ये, आणि टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. रेडिएटरचा फॅन फिरतच नव्हता. रिले गेला होता, दीडेकशे रुपयांचा डबीएवढा तुकडा. बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत एकच उपाय होता: एसी बंद करून हीटर फुल्ल. हीटर इंजिनातलंच गरम पाणी फिरवून हवा तापवतो, त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत येते. मे महिना, घाट, आणि मामीच्या अंगावर हीटरचा झोत. मामी पदराने वारा घेत म्हणाली, ‘‘तुझा मामा एवढ्यात दोन शिव्या देऊन मोकळा झाला असता.’’

थांबलो, थंड केली, पाणी भरलं, हळूहळू पुण्याला परत आणली. तरी व्हायचं ते झालं होतं. झेनचं हे 993 सीसीचं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे. हलकं, म्हणूनच अजूनही पळायला चपळ. पण ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या मानाने लवकर वाकतं. हेड केसभर वाकलं तरी हेड गॅस्केट सील धरत नाही आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. दुसऱ्या दिवशी ऑइलचं झाकण उघडलं तर आत चक्क कोल्ड कॉफीचा फेस! हेड उतरवणं, मशीनवर फेसिंग, गॅस्केट सेट, नवा रेडिएटर, टायमिंग बेल्ट (‘खोललंच आहे तर बदलून घ्या ताई’), ऑइल, कूलंट, मजुरी मिळून 14,200. त्या महिन्यात माझे दोन लेखांचे पैसे यायचे होते. ते ऑगस्टमध्ये आले. गॅरेजवाल्या काकांनी तीन हप्ते करून दिले. बिनव्याजी!

गंमत म्हणजे इतकं होऊनही इंजिन ही या गाडीची स्वस्त बाजू आहे. झेन 1993 पासून 2006 पर्यंत विकली गेली, आणि कार्बनच्या बॉनेटखाली साध्या झेनचंच इंजिन आहे. नाना पेठेत गेलं की क्लचप्लेट, वॉटर पंप, लोअर आर्म, सगळं त्याच दिवशी हातात मिळतं. फुल्ल टर्न मारला की चाकातून टक-टक आवाज येतो? ॲक्सलचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय; वेळेवर गेलात तर नऊशे रुपयांत काम, नाही तर सीव्ही जॉइंटच बदला. रस्त्यातल्या खड्ड्यावर खडखडाट? लिंक रॉड किंवा बुश. पेट्रोलचे पाइप मी गेल्या वर्षी आपणहून बदलले. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे, आणि 2003 चं रबर त्याचा विचार करून बनवलेलं नव्हतं. साडेसहाशे रुपये गेले, डोक्याचा ताप गेला.

महाग आहे ते तिचं वेगळेपण. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, म्हणजे जड. सगळं वजन दोन बिजागऱ्यांवर. वीस वर्षांत त्यांच्या पिना झिजतात आणि दार खाली बसतं. मग ते लावताना किंचित उचलून ढकलावं लागतं, आमच्या जुन्या वाड्यातल्या न्हाणीच्या दारासारखं. पिना लेथवर करून घेता येतात, बाराशे रुपये जोडी. पण काच? साध्या झेनच्या दाराची काच इथे बसत नाही, ही जास्त लांब आहे. मागच्या बाजूची काच आणि तिचं रबर तर या बॉडीशिवाय कशालाच लागत नाही. आता काहीशे गाड्यांसाठी बावीस वर्षांनी कुठला दुकानदार काचा आणून ठेवील? गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बाइकचं हँडल लागून डावी काच फुटली. नाना पेठेने हात वर केले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन चकरा झाल्या. अखेर एकोणीस दिवसांनी एका जुन्या गाडीतून काढलेली काच मिळाली, सहा हजारांना. ते एकोणीस दिवस डाव्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी लावून मी मुलाखतींना गेले. एका आयटी कंपनीच्या सिक्युरिटीने मला डिलिव्हरीच्या गेटकडे वळवलं!

काका स्पष्टच म्हणाले, ‘‘ताई, इंजिनाची काळजी नका करू, ते मी उभं करीन. ही गाडी दारात जाणार.’’

शिवाय आरटीओ आहेच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. आमचं 2018 मध्ये मामाने केलं, 2023 मध्ये मी. तेव्हा फी होती पाच हजार. 2022 च्या एप्रिलपर्यंत हीच फी सहाशे होती. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना ती दहा हजार झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. म्हणजे 2028 साठी आत्तापासून बाजूला टाकायला हवेत. वहीत तसं पान केलंय, अजून कोरं आहे.

वीक म्हणणाऱ्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. ज्याला रोज नऊला हिंजवडीत हजर व्हायचंय, त्याने ही गाडी घेऊ नये. एकोणीस दिवस परवडत नाहीत. मला परवडतात, कारण घरून लिहिता येतं. आणि मामी दर रविवारी चार वाजता तयार होऊन खाली येते. मागे बसायचा प्रश्नच नाही. ती पुढे बसते, गुडघा दोन्ही हातांनी आत घेते आणि दार स्वतः लावते. किंचित उचलून.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. भोसरीत एक चंदेरी स्टील भंगारात निघतेय. इंजिन गेलंय, पण डावं दार काचेसकट, बिजागऱ्यांसकट ठणठणीत. मालक म्हणतोय अकरा हजार, काका म्हणतात नऊला देईल. काळा रंग मारायचे चार-साडेचार वेगळे. रविवारपर्यंत सांगायचंय, नंतर तो कटरकडे देणार. या महिन्यात माझं एकच पेमेंट यायचंय, अकरा हजारांचं, आणि ते नेमकं कधी येईल ते त्या अकाउंट्सवाल्यांनाच ठाऊक.

मामीला सांगितलं, घेतलं तरी एवढं मोठं दार ठेवायचं कुठे? तिने तडक आतल्या खोलीत जाऊन दिवाणाखालच्या दोन ट्रंका बाहेर ओढल्या आणि मला म्हणाली, ‘‘टेप आण, लांबी मोजू.’’