जू आणि खांदा

‘एकदा बसविले की पुन्हा पाहावे लागणार नाही,’ असे ज्या वस्तूविषयी दुकानदार सांगतो ती वस्तू आम्ही हटकून विकत घेतो. छत्री, कुलूप आणि फाउंटनपेन या तिन्हींच्या बाबतीत या वचनाचा अनुभव घेऊनही आम्ही शहाणे झालो नाही. म्हणूनच सहा वर्षांपूर्वी आमच्या मोटारीला शर्यतीच्या गाड्यांकरिता बनविलेला क्लच आम्ही बसविला. ‘तो टिकला काय?’ असे आम्हांस पुष्कळजण विचारतात. ‘टिकला’ एवढेच उत्तर दिल्यास ते खोटे होणार नाही. पण विचारणाराचे त्याने नुकसान होईल. म्हणून हा लेखप्रपंच.

या प्रकरणाचे मूळ आमच्या पुतण्याच्या उत्साहात आहे. पुण्यास अभियांत्रिकी शिकत असता त्याने आमच्या डिझेल मोटारीच्या इंजिनाच्या संगणकात काही फेरफार करवून घेतले, आणि ती पापभीरू गाडी एकाएकी उधळू लागली. परंतु वाढलेला जोर मूळच्या क्लचला पेलेना. चढावर इंजिन ओरडे, आणि गाडी मात्र रेंगाळत राही. मिरजगावच्या मिस्त्रींच्या भाषेत क्लच ‘घसरू’ लागला.

क्लच म्हणजे काय हे ज्यांनी मोटारीत केवळ मागच्या बाजूस बसून प्रवास केला आहे त्यांच्याकरिता सांगतो. इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सकडे जाणारा दांडा यांच्यामध्ये एक तबकडी असते. प्रेशरप्लेटची स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पायाने पेडल दाबले की हा दाब सुटतो. पाय हळूहळू उचलला की तबकडी घासत घासत पकड घेते. ती किती जोर पेलील हे स्प्रिंगचा दाब, लायनिंगचे घर्षण, तबकडीची त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठांची संख्या यांच्या गुणाकारावर ठरते. त्रिज्या वाढविण्यास जागा नसते. म्हणून शर्यतीचा क्लच बनविणारे स्प्रिंग अधिक कडक करतात, आणि काचतंतू, राळ व तांब्याची तार यांच्या नेहमीच्या लायनिंगऐवजी धातू व सिरॅमिक यांची भुकटी भाजून केलेल्या वड्या तबकडीवर बसवितात. नेहमीचे लायनिंग सुमारे अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे करपू लागते; या वड्या त्याहून पुष्कळ अधिक ताप सोसतात.

आणि ताप हाच क्लचचा खरा शत्रू आहे. उभी गाडी चालू करताना जितकी ऊर्जा तिच्या गतीत जमा होते, जवळजवळ तितकीच तबकडीच्या घासण्यात उष्णता होऊन जाते. दीड हजार किलोची गाडी ताशी दहा किलोमीटरच्या वेगास आणावयाची, तर या घासण्यात चमचाभर पाणी उकळीस येईल एवढी उष्णता निघते. एका वेळेस ही गोष्ट क्षुल्लक खरी. पण नगर-सोलापूर रस्त्यावर, उसाच्या हंगामात, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या आणि बैलगाड्यांच्या मागे गाडी शंभर वेळा थांबली व शंभर वेळा निघाली म्हणजे हिशेब काय होतो हे वाचकांनीच करून पाहावे.

मोटारींच्या बाल्यावस्थेत क्लचला चामड्याचे अस्तर असे. ते घसरू लागले तर त्यावर मुलतानी माती टाकीत, आणि फार धसमुसळेपणाने पकडू लागले तर त्यास एरंडेल पाजीत. क्लचने घट्ट धरावे आणि तरीही मऊपणाने धरावे, ही अपेक्षा तेव्हापासूनची आहे. आमच्या नव्या क्लचने यांतली पहिली अपेक्षा तेवढी पुरी केली. त्यास ‘होय’ आणि ‘नाही’ हे दोनच शब्द ठाऊक होते; ‘पाहू’ हा शब्द त्याच्या कोशात नव्हता. गाडी निघे ती हिसका देऊन. मातोश्रींच्या फिरकीच्या तांब्याला त्या काळात पदराची गुंडाळी करून मांडीत धरावे लागे, आणि गर्दीच्या दिवशी घरी परतल्यावर आमचा डावा गुडघा आमच्याशी अबोला धरी. पुतण्या म्हणे, ‘काका, टिकाऊपणाची काही किंमत मोजावीच लागते.’ ती किंमत आपणच मोजतो आहोत अशी आमची समजूत होती. अशी सहा वर्षे आणि ऐंशी हजार किलोमीटर गेले.

मागील हंगामात, पौषातल्या एका रात्री, मातोश्रींच्या छातीत कळ आली. नगर सुमारे पन्नास किलोमीटर दूर. त्यांना मागच्या बाजूस निजवून आम्ही निघालो, आणि गावाच्या शिवेवरच उसाच्या गाड्यांची रांग आडवी आली. आम्ही पेडल दाबले; ते तळाशी गेले आणि तिथेच राहिले. गाडी एक गचका देऊन बंद पडली. रस्त्याकडेच्या दुकानात निजलेला मिस्त्री उठून आला, बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला, आणि म्हणाला, ‘मास्तर, क्लच ठणठणीत हाय. त्याला सोडवणारा काटा तुटला.’ गिअरबॉक्स उतरविल्याखेरीज इलाज नव्हता, म्हणजे अर्धा दिवस. दुसरी गाडी येईपर्यंत थांबण्याचा धीर आम्हांस नव्हता. त्याने आमच्याकडे पाहिले, मागे पाहिले, आणि स्वतः चाकावर बसला.

पुढचा तासदीड तास आम्ही विसरणार नाही. पहिल्या गिअरमध्येच स्टार्टर मारून त्याने गाडी ढकलल्यासारखी चालू केली, आणि मग इंजिनाचा आवाज कानाने जोखून, वेग जुळेल त्या क्षणी, क्लचवाचून गिअर बदलीत तो निघाला. थांबणे परवडणारे नव्हते. म्हणून पुढची बैलगाडी दिसताच तो फर्लांगभर अलीकडूनच वेग कमी करी. दोनदाच थांबावे लागले. दोन्ही वेळा पुन्हा स्टार्टर, पुन्हा तो गचका, आणि मागून मातोश्रींचे ‘विठ्ठला’. आम्ही त्यांचा हात धरून बसलो होतो. ज्या वस्तूच्या बळकटीबद्दल आम्ही सहा वर्षे चारचौघांत फुशारकी मारली, तिच्याच बळकटीमुळे हा हात सुटतो की काय, याखेरीज दुसरा विचार मनात येत नव्हता.

हात सुटला नाही. वेळेवर उपचार झाले, आणि आठवड्याने मातोश्री घरी आल्या. त्यानंतर गिअरबॉक्स उतरविला. तबकडीच्या वड्या मोजून पाहता अर्धा मिलिमीटरही झिजलेल्या नव्हत्या. परंतु फ्लायव्हीलच्या तोंडावर चरे आणि तापाचे निळे डाग पडले होते, रिलीज बेअरिंग खिळखिळे झाले होते, आणि कडक स्प्रिंगचा भार सहा वर्षे उचलून उचलून तो काटा बारीक चिरेने मोडला होता. मिस्त्री तबकडी हातात फिरवीत म्हणाला, ‘जू टिकलं मास्तर, पण बैलाचा खांदा गेला.’

आमच्या भागात हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. ऊस वाहणाऱ्या बैलांच्या मानेवरची जखम आम्ही लहानपणापासून पाहतो आहोत. जू मोडलेले मात्र क्वचितच पाहिले. नगरजवळ सरकारची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तिथे चाचणीच्या मार्गावर पळवितात ती सबंध गाडी. आम्ही मात्र एकाच भागाच्या टिकण्यास गाडीचे टिकणे समजून बसलो. साध्या क्लचचे लायनिंग झिजते, घसरते, करपल्याचा वास सोडते. आणि त्याच्या त्या घसरण्यात गिअरबॉक्सला, काट्याला व गुडघ्याला बसावयाचा धक्का तो आपल्या अंगावर घेतो. झिजण्यासाठीच ज्याची नेमणूक आहे त्याने झिजण्याचे नाकारले, तर ते काम दुसऱ्या कोणावर तरी पडते, आणि तो दुसरा कोण हे बहुधा अपरात्रीच कळते. ज्यास शर्यतच धावावयाची आहे त्याने कडक क्लच अवश्य घ्यावा. पण त्याचा हिशेब मांडताना तबकडीबरोबर काटा, बेअरिंग आणि फ्लायव्हील यांचीही वर्षे मोजावी.

आम्ही फ्लायव्हील घासून घेतले, काटा व बेअरिंग नवे घातले, आणि साधा क्लच बसविला. इंजिनाचा संगणकही पुतण्याकडूनच पूर्ववत करवून घेतला. त्याने तो मुकाट्याने करून दिला. जुनी तबकडी मिस्त्रीच्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. परवा मातोश्रींना तपासणीसाठी नगरास नेले. गाडी मऊपणे निघाली, तांब्यातले पाणी हलले नाही. त्यांनी विचारले, ‘हा किती वर्षं टिकायचा रे?’

‘पाच-सहा,’ आम्ही म्हणालो. ‘मग बदलावा लागेल.’

‘बरं आहे,’ त्या म्हणाल्या, आणि तांब्याला गुंडाळलेला पदर त्यांनी सोडून घेतला.