साचलेले पाणी

घोडबंदर रस्त्याने जाताना चेणे गाव दिसते न दिसते तोच मागे पडते. एका बाजूस राष्ट्रीय उद्यानाचे रान, दुसऱ्या बाजूस वसईची खाडी, आणि रानातून उतरून खाडीस मिळणारी नदी. या नदीवर धुणे धुतलेल्या वृद्ध स्त्रिया आम्हाला भेटतात. वाहत्या पाण्याबरोबर मळ आपसूक पुढे जाई. मळक्या पाण्याचे काय करावे, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. आता त्याच घरांत वॉशिंग मशीन आले आहे, आणि आम्हाला ही आनंदाची गोष्ट वाटते. ओल्या चादरी पिळून ज्यांची मनगटे आयुष्यभर दुखली, त्यांच्या विसाव्यास कोणी चैन म्हणू नये. मात्र यंत्र घरी येते तेव्हा पाणी आत कसे घ्यावे एवढेच दाखविले जाते; ते अडले तर बाहेर कसे काढावे, हे सहसा कोणी सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर कुटुंबांच्या भेटी घेताना आम्ही अशाच एका घरी गेलो. न्हाणीजवळच्या यंत्रात चार दिवसांचे पाणी तुंबले होते, कपडे आत भिजत होते आणि कुबट वास घरभर पसरला होता. सून हाताने धुणे धूत होती. यंत्र हप्त्यांवर घेतलेले. नवऱ्याला सांगावे तर ‘तुझ्याच हातून बिघडले’ असे ऐकावे लागणार, ही तिची धास्ती. कुणा कारागिराने यंत्र न पाहताच, फोनवरून, नवा पंप बसवावा लागेल असे सांगून तिच्या काळजीत भर घातली होती. यंत्रासोबत आलेली पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न निघता कपाटात पडून होती.

सासूबाई उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “फादर, पाणी जर खाली साचलंय, तर त्याची वाटही खालीच असणार ना?”

“मावशी, अगदी बरोबर बोललात,” आम्ही म्हणालो. नदीकाठी उतार ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आम्ही पुस्तिका वाचू लागलो आणि सून एकेक गोष्ट करीत गेली. प्रथम तिने बटण बंद करून प्लग काढला व नळ बंद केला. प्लग काढल्यावाचून अशा पाण्यात हात घालणे जिवावर बेतू शकते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. पाणी गरम असल्यास ते निवू द्यावे. समोरून कपडे टाकण्याच्या बहुतेक यंत्रांना तळाशी एक छोटे झाकण असते व त्यामागे गाळणी बसविलेली असते. काही यंत्रांत तिच्या शेजारी बुचाची लहान नळीही असते. तिने खाली परात सरकवली, गाळणी डावीकडे थोडीशीच फिरविली आणि काळपट पाणी येऊ लागले. परात भरली की गाळणी पुन्हा घट्ट करायची, पाणी मोरीत ओतायचे, परत सैल करायची. अखेर गाळणी बाहेर आली तेव्हा तिच्यात नमद्यासारखा धाग्यांचा थर होता आणि त्यात एक केसांची पिन व दोन रुपयांचे नाणे रुतलेले होते. नाणे घरधन्याच्या विजारीच्या खिशातले! सुनेने ते धुतले आणि काही न बोलता मेजावर ठेवले. चार दिवसांत ती प्रथमच हसली. पंप शाबूत होता.

वरून कपडे टाकण्याच्या यंत्रात सहसा अशी तळची गाळणी नसते. तेथे सांडपाण्याची नळी सोडवून तिचे तोंड टबातील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली, मोरीत वा बादलीत धरावे. बहुधा पाणी उताराने आपोआप निघते. ते तरीही हलले नाही, तर नळी कोठे मुडपली वा चोंदली आहे काय हे पाहावे. पंप नसलेल्या यंत्राची नळी जमिनीलगतच असावी लागते. ती उंच टांगली की पाणी आतच राहते. पंप असलेल्या यंत्राची नळी किती उंचीवर हवी, ते पुस्तिकेत दिलेले असते. गाळणी स्वच्छ आणि नळी मोकळी असूनही पाणी निघत नसेल, तरच कारागिरास बोलवावे, आणि आपण काय काय पाहिले ते त्याला सांगावे. पाहणाऱ्यास फसविणे सोपे नसते.

काढलेले पाणी बादलीत तसेच ठेवू नये, उघड्या टबातही राहू देऊ नये. डेंग्यू पसरविणारा एडिस डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस पुरतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा, असे आरोग्य खाते सांगते ते याचसाठी.

वाचकहो, बिघाड नाण्याएवढा होता. धास्ती मात्र घराएवढी झाली होती. कारण जिच्या हाती रोजचे काम, तिच्या हाती त्या कामाचे ज्ञान नव्हते. म्हणून नवे यंत्र बसवावयास माणूस येईल, तेव्हा जी ते वापरणार तिला पुढे उभी करा. तळचे झाकण तिच्या देखत उघडावयास सांगा आणि एकदा तिच्याच हाताने उघडू द्या. पुस्तिका कपाटात नको, यंत्राशेजारी खिळ्याला टांगलेली असू द्या. इंग्रजी अडत असेल तर शाळकरी मुलाने तिचे मराठी एका कागदावर उतरवून द्यावे. आणि धुणे टाकण्यापूर्वी आपापले खिसे रिकामे करण्याचे काम घरातील पुरुषांनी स्वतःच करावे.